आम्हीं नोकरी सोडली

'आपल्या धंद्याविषयीं चार शब्द लिहून पाठवा' असें वार्षिकाच्या संपादकांचें पत्र आलें, तेव्हां आम्हांस प्रथम हंसूंच आलें. शाळेनें आमच्या हस्ताक्षरांत स्वीकारलेलें शेवटचें गद्य म्हणजे व्हरांड्यांतील क्रोटनची कुंडी फोडल्याबद्दल लिहून दिलेलें क्षमापत्र होय. कुंडी चेंडूनें फुटली होती. शिक्षा म्हणून पंधरा दिवस, शाळा सुटल्यावर, सर्व कुंड्यांना पाणी घालावें लागलें. पंधरा दिवस संपले तरी आम्हीं झारी सोडली नाहीं, तेव्हां शिपायानें उलट तक्रार केली! पुढें आमचें पोट त्याच झारीवर चालावयाचें आहे हें त्या वेळीं ना आम्हांस ठाऊक होतें, ना त्या बिचाऱ्यास.

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या सडकेवर, धाम नदीच्या काठीं, आंजी (मोठी) हें आमचें गांव आहे. गांवाचें मोठेपण कंसांत ठेवण्याची ही चाल आम्हांस फार आवडते. चोहोंकडे काळी जमीन. तींत कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन. वडिलांचें चार एकरांचें वावर आणि एक विहीर. शिक्षण संपल्यावर आम्हांस वर्ध्यास एका कचेरींत कारकुनी मिळाली, आणि चौदा वर्षें आम्हीं सकाळची एस. टी. पकडून जाण्याचा व दिवेलागणीस परतण्याचा क्रम चालविला. त्या कचेरीनें आमचें कांहींएक वाईट केलें नाहीं. पहिल्या तारखेस पगार मिळे, दिवाळीस उचल मिळे, आजारीपणांत रजा मिळे. आज आमचे कांहीं मित्र नोकरीस 'गुलामगिरी' म्हणून नाक मुरडतात. परंतु त्याच गुलामगिरीवर आमच्या दोन बहिणींचीं लग्नें झालीं आणि घरावर कौलांच्या जागीं स्लॅब पडला, हें आम्ही विसरलों नाहीं.

मग ती सोडली कां, असें बालवाचक विचारतील. त्याचें कारण रविवार. कचेरींतील एका सहकाऱ्याच्या अंगणांत पावसाचें पाणी साचे. तें काढून देण्यासाठीं आम्हीं एक चर खणला, आणि चराच्या कडेनें कण्हेर लावली. तें पाहून दुसऱ्यानें बोलाविलें, मग तिसऱ्यानें. चार वर्षें आमचे रविवार असे परक्या अंगणांत गेले, आणि मोबदला म्हणजे चहा व कांदेपोहे. इंग्रजींत ज्यास लँडस्केपिंग म्हणतात त्यास मराठींत बागरचना म्हणावें. पण त्यांत झाड लावणें हा भाग अगदीं शेवटचा. पाणी कोणीकडे वाहतें, दुपारचें ऊन कोणत्या भिंतीवर पडतें, माती किती खोल आहे, घरांतील म्हातारें माणूस संध्याकाळीं कोठें बसतें, हें सर्व पाहून मग जमिनीस वळण द्यावयाचें, असें हें काम आहे. सोमवारीं कचेरींत नोंदवही उघडावी तर ओळींच्या ठिकाणीं आम्हांस वाफे दिसत.

वडिलांस ही गोष्ट सांगावयास आम्हांस आठ दिवस लागले. ते ओसरीवर अंबाडीचा दोर वळीत बसले होते. सर्व ऐकून घेऊन ते म्हणाले, "लोकाईच्या आंगनात झाडं लावाले नौकरी सोडतं काय?" आणि थोड्या वेळानें, दोरावरची नजर न काढतां, "पगार बंद झाल्यावर म्हयना कसा मोजशीन?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोरानें नोकरी धरली म्हणजे त्या घरास पहिल्यांदा महिन्याचा हिशेब कळतो. त्यापूर्वीं हिशेब सालाचा असतो, आणि तोही पाऊस मांडतो. वडिलांनीं जन्मभर पाहिलेला तो हिशेब पुन्हां दाराशीं येतो आहे असें त्यांस वाटलें असावें, व तें अगदींच खोटें नव्हतें.

धीर यावा म्हणून आम्हीं त्या दिवसांत थोरांचीं चरित्रें वाचलीं. असल्या प्रसंगीं मराठी माणसाच्या हातीं पहिलें नांव लागतें तें लक्ष्मणराव किर्लोस्करांचें. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते यांत्रिक रेखाटन शिकवीत. हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली, तेव्हां १८९७ सालीं त्यांनीं ती जागा सोडून बेळगांवची वाट धरली. पुढें त्यांनीं लोखंडी नांगर केला. पण लोखंडानें जमीन विषारी होईल या समजुतीनें शेतकरी त्यास शिवेनात, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. नंतर कारखान्याची जागाही सोडावी लागली. तेव्हां औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली, आणि १९१० सालीं निवडुंगानें भरलेल्या त्या ३२ एकर माळावर किर्लोस्करवाडी वसूं लागली. हें सर्व आम्हीं शाळेंतही वाचलें होतें. परंतु या खेपेस एक गोष्ट नव्यानें दिसली. लक्ष्मणरावांनीं मुंबई सोडली तेव्हां बेळगांवास बंधु रामूअण्णा यांचें पाठबळ होतें, आणि दोघां भावांचें सायकलींचें दुकान आधींच चाललें होतें. उडी मोठी खरी, पण खालीं भावाचे हात होते.

दुसरें नांव विलायतेचें, आणि तें थेट आमच्याच धंद्यांतील आहे. लॅन्सेलॉट ब्राऊन नांवाचा एक माळी १७४१ सालीं लॉर्ड कॉबम यांच्या स्टो येथील बागेंत कामास लागला व लौकरच मुख्य माळी झाला. पगार सालीना २५ पौंड. दहा वर्षें नोकरी केल्यावर, १७५१ सालीं, तो बायकामुलांसह लंडनजवळ हॅमरस्मिथ येथें जाऊन राहिला आणि स्वतःचा धंदा करूं लागला. पुढें त्यानें दीडशेंहून अधिक बागा रचल्या. गिऱ्हाइकास 'आपल्या जागेंत पुष्कळ केपेबिलिटी आहे', म्हणजे जागेच्या अंगीं पुष्कळ गुण आहेत, असें तो सांगे. त्यावरून त्याचें नांवच केपेबिलिटी ब्राऊन पडलें. पण याही गोष्टीस एक पोटकथा आहे. धनी हयात असतांनाच त्यांच्या परवानगीनें तो त्यांच्या मित्रांच्या बागा करून देत असे. धनी १७४९ सालीं वारले, आणि त्यानंतरही दोन वर्षें त्यानें काढलीं. म्हणजे त्याचेही कांहीं रविवार होते म्हणावयाचे.

हें सर्व वाचून आम्हीं शहाणपण शिकावयास पाहिजे होतें. शिकलों तें धाडस. २०११ सालच्या मार्चअखेर आम्हीं राजीनामा दिला. फंडाचे जे पैसे हातीं आले त्यांतून विहिरीचा गाळ काढला, तारेचें कुंपण घातलें आणि एक जुनी तीनचाकी मालगाडी घेतली. वावराचा अर्धा एकर रोपवाटिकेसाठीं वडिलांनीं मुकाट्यानें मोकळा करून दिला.

पहिलें मोठें काम एप्रिलांतच आलें. वर्ध्याच्या नव्या वस्तींत एका गृहस्थांनीं बंगला बांधला होता. अक्षय्य तृतीयेस गृहप्रवेश, आणि त्या दिवशीं पाहुण्यांनीं हिरवळीवर बसावें ही त्यांची हौस. रक्कम ठरली ६०,०००. आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. कोंवळें रोप त्या दिवसांत जमिनींत घालूं नये हें आम्हांस वयाच्या बाराव्या वर्षापासून ठाऊक होतें. तरी आम्हीं होकार दिला. कां दिला? पहिली तारीख येऊन गेली होती, आणि चौदा वर्षांत प्रथमच तिनें आमच्या हातावर कांहीं ठेवलें नव्हतें.

नागपुराहून २०० रोपें आणलीं. तीं मूळचीं आंध्रांतील कडियमचीं. गोदावरीच्या खोऱ्यांतील हें रोपवाटिकांचें गांव. तेथून देशभर ट्रक भरून रोपें जातात. रोपें दृष्ट लागण्यासारखीं होतीं, परंतु तांबड्या मातीच्या गोळ्यांत वाढलेलीं. आमची काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. तींत तांबडा गोळा ठेविला म्हणजे दोन्ही मात्या एकमेकींस धरीत नाहींत. ओतलेलें पाणी भेगांतून खालीं निघून जातें, वरून आळें ओलें दिसतें आणि आंतला गोळा कोरडाच राहतो. हें आज आम्ही मास्तरासारखें सांगतों. त्या वेळीं आम्हीं दुप्पट पाणी घातलें. हिरवळीचे तयार गालिचे आणून अंथरले, तेही खालची जमीन न कसतां, उतार न काढतां. गृहप्रवेशाच्या दिवशीं बाग हिरवीगार दिसली. पाहुण्यांनीं छायाचित्रें काढलीं. यजमानांनीं आमची ओळख करून देतांना 'हे आमचे आर्किटेक्ट' असें म्हटलें, आणि आम्हीं त्यांस दुरुस्त केलें नाहीं!

मे महिन्याच्या अखेरीस २०० पैकीं १३० रोपें वाळलीं होतीं. हिरवळ गवताच्या गंजीसारखी दिसूं लागली. गृहस्थांनीं उरलेले २५,००० रुपये देण्याचें नाकारलें. त्यांचें चुकलें असें आम्ही म्हणणार नाहीं. मेलेल्या झाडाचे पैसे आम्हीं तरी दिले असते काय? आम्हीं त्यांस सांगितलें कीं, मृग लागतांच सर्व बाग स्वखर्चानें पुन्हां करून देऊं. बोलून चुकलों, आणि घरीं येतांना वाटेंत हिशेब केला. निदान ३०,००० रुपये पाहिजे होते, आणि फंडाचा पैसा विहिरींत गेला होता.

त्या रात्रीं जेवणावर कोणी फारसें बोललें नाहीं. आमच्या सौभाग्यवती जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षिका आहेत. मार्चपासून घर त्यांच्याच पगारावर चाललें होतें, आणि आम्ही मात्र चारचौघांत 'आम्हीं नोकरी सोडली' असें ऐटीनें सांगत फिरत होतों. भांडीं आवरल्यावर त्यांनीं हातांतील दोन बांगड्या काढून आमच्यापुढें ठेविल्या आणि म्हणाल्या, "अहो, या घेऊन जा. पण उसन्या म्हणून नव्हे. धंद्याची वही आणा, आणि भांडवल म्हणून माझ्या नांवावर मांडा." आम्हीं वही आणली. चौदा वर्षें दुसऱ्याच्या नोंदी सुवाच्य अक्षरांत केल्या होत्या, पण त्या एका ओळीचें अक्षर बिघडलें. तेव्हांपासून त्या धंद्यांत भागीदार आहेत. दर पाडव्यास वही तपासतात आणि आमच्या बेरजेंतील चुका तांबड्या शाईनें दाखवितात. या लेखांत आम्ही 'आम्ही' म्हणतों तें निव्वळ संपादकी थाटाचें अनेकवचन आहे असें कोणीं समजूं नये.

जून महिन्यांत पहिल्या दोन सरी पडल्यावर काम पुन्हां आरंभिलें. वाटेखालची काळी माती दीड फूट खणून काढली आणि मुरूम भरून धुम्मस केलें. नाहीं तर पावसाळ्यांत माती फुगून फरशा उचलल्या जातात. अंगणास शंभर फुटांस दीड फूट असा उतार दिला, आणि कडेनें चर खणून त्यांत गोटे भरले. झाडें निवडलीं तीं या मातीस ओळखणारीं: कडुनिंब, करंज, बहावा, सीताफळ, कुंपणास मेंदी आणि कण्हेर, दारावर बोगनवेल, ओट्याजवळ मोगरा. हिरवळ पूर्वीच्या चौथाईएवढीच ठेविली, आणि तीही आमच्या रानांतील हरळीची. शेतकरी जिला शिव्या देऊन उपटून टाकतो ती हरळी बंगल्यासमोर लावतांना पाहून वडील प्रथमच मोठ्यानें हंसले. बाकीचे २५,००० रुपये त्या गृहस्थांनीं दिवाळीस स्वतः घरीं आणून दिले, आणि पुढें त्यांच्याच शब्दावर आम्हांस तीन कामें मिळालीं. बांगड्या मात्र सुटावयास आणखी दीड वर्ष लागलें.

बागेविषयींचें आमचें मत त्याच पावसाळ्यांत बदललें. सेवाग्रामचा आश्रम आम्हीं लहानपणापासून कितीदां तरी पाहिला होता. परंतु तेथें बाग म्हणून पाहावयास कधीं गेलों नव्हतों. एके दुपारीं पाऊस उघडल्यावर सहज गेलों. मातीच्या भिंती, बांबू, कवेलूंचीं छपरें. समोर झाडून लख्ख केलेलें मोकळें अंगण. १९३६ सालीं गांधीजींनीं लावलेला पिंपळ आतां आभाळ झांकून उभा. हिरवळीचा पत्ता नाहीं, आणि तरी तेथून उठवेना. उन्हाळ्यांत जेथें घागरभर पाण्यासाठीं बाया अर्धा कोस चालतात, त्या मुलुखांत विलायती थाटाची हिरवळ रोज पाण्यानें न्हाऊं घालणें आम्हांस तेव्हांपासून जड वाटूं लागलें. गिऱ्हाइकास आम्ही आधीं सावली सुचवितों, मग सुगंध, आणि हिरवळ त्यानें मागितली तरच. यामुळें कांहीं कामें हातचीं गेलीं, हेंही लिहून ठेवलें पाहिजे.

सुचविलेलें गिऱ्हाइकास पटवावें कसें ही दुसरी अडचण. लावलेला करंज सावली देईपर्यंत पांच वर्षें जातात. तोंवर तो काठीसारखा दिसतो, आणि काठीचे पैसे द्यावयास कोण तयार होणार? येथें आमच्या मदतीस हम्फ्री रेप्टन हा दुसरा विलायती गृहस्थ आला. व्यापारांत अपयश आल्यावर, १७८८ सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं त्यानें बागा रचण्याचा धंदा धरला. तो प्रत्येक गिऱ्हाइकासाठीं तांबड्या कातड्यानें बांधलेली एक वही करी. तींत जागेचें आजचें चित्र असे, आणि त्यावरील कागदाची झडप उचलली कीं पुढें होणारी बाग दिसे. आमची कन्या आपल्याच शाळेंत नववींत आहे व तिचा चित्रकलेचा हात चांगला आहे. तिनें जलरंगांत अशा झडपांच्या वह्या करण्यास आरंभ केला आहे. झडप उचलतांना गिऱ्हाइकाचा चेहरा पाहावा; हातांतील मोबाइलवर हीच गोष्ट दाखविली तर तो नुसता 'हूं' म्हणतो. प्रत्येक वहीमागें ती आम्हांकडून २०० रुपये घेते, आणि तेही आगाऊ. आईचें वळण!

पालकांपैकीं कोणी विचारतील कीं, या धंद्यांत मिळतें किती? वर्षाचा आंकडा आतां कचेरींतील पगाराहून बरा पडतो, पण तो महिन्यांवर सारखा पसरत नाहीं. मृगापासून हस्तापर्यंत श्वास घ्यावयास फुरसत नसते. हिवाळ्यांत हंगामी फुलांचीं आणि बांधकामाचीं कामें. होळी झाली कीं नवीं कामें बंद, आणि पूर्वीं केलेल्या बागांस पाणी देण्याची मजुरी तेवढी चालू. ते तीन महिने आम्ही आधींच्या शिलकेवर काढतों. एप्रिलांत नवीन झाड लावून मागणारास आम्ही हात जोडतों; मग तो कितीही रक्कम सांगो. वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस असें उशिरां सांपडलें. त्यांस तें सांगावयास गेलों, तर ते म्हणाले, "तेच त सांगत होतो तुले." आतां त्यांचें वय ऐंशींच्या पुढें आहे. सकाळीं रोपवाटिकेंत खाट टाकून बसतात, आणि कोणी रोप घ्यावयास आलें कीं किंमत सांगण्याआधीं 'जमीन कशी हाय?' हें विचारतात. कित्येकदां जमीन ऐकून ते गिऱ्हाइकास रिकाम्या हातानें परत पाठवितात, आणि मग घरांत वाद होतो.

आमच्याकडे चार माणसें पगारी आहेत. पहिल्या तारखेस त्यांचे पगार देतांना अजूनही आमच्या पोटांत थोडें हलतें. यंदाच्या फेब्रुवारींत त्यांतील सर्वांत हुशार गडी, नऊ वर्षें आमच्या हाताखालीं तयार झालेला, पगार मोजून खिशांत ठेवल्यावरही उभाच राहिला. आर्वीकडे स्वतःचीं कामें घ्यावयाचा त्याचा विचार ठरला होता. खरें सांगावयाचें तर आम्हांस राग आला. चर कसा काढावा, मुरूम किती भरावा, हें आम्हीं आमच्या मेलेल्या १३० रोपांच्या किंमतीवर शिकलों, आणि याला तें फुकट मिळालें, असा क्षुद्र विचार मनांत येऊन गेला. आणि ओसरीवर वडिलांनीं विचारलेला तोच प्रश्न आमच्या तोंडून बाहेर पडणार, इतक्यांत सौभाग्यवतींनीं आंतून विचारलें, "घरून कोणाचा पगार आहे?"

"बायको अंगणवाडींत आहे, बाई," तो म्हणाला.

"तिला विचारलंस?"

तो कांहीं बोलला नाहीं. त्यास परत पाठविलें. दुसऱ्या दिवशीं तो बायकोस घेऊन आला. दोघी भिंतीशीं बसून तासभर हळू आवाजांत बोलल्या. आम्हां पुरुषांस तेथें कोणीं बोलाविलें नाहीं. शेवटीं ठरलें तें असें कीं, त्यानें होळीनंतर लगेच न जातां मृगापर्यंत आमच्याकडे राहावें, आणि जातांना करंज, कडुनिंब व बहावा मिळून ३०० रोपें उधारीवर न्यावीं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत त्यानें तीं आमच्याच जुन्या तीनचाकींत भरून नेलीं. वहींत त्याचें पान उघडलें आहे, आणि त्यावर नांव बायकोचें आहे. पहिला हप्ता हस्त नक्षत्रांत यावयाचा आहे.